वाळूलाही उकळी फुटते

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. दवाखान्याच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा आहे, अजून तापतो आहे आणि अजून गर्जतो आहे. माझी कहाणी ऐकून तुम्ही डोळे पुसावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही. मला फक्त माझी बाजू मांडायची आहे. इतकी वर्षं माझ्याविषयी सगळे बोलले. आता मी बोलतो, तुम्ही ऐका.

माझ्यावरचा पहिला आरोप असा, की मी फार आवाज करतो. म्हणून दवाखान्यातल्या लोकांनी माझं नाव 'बडबड्या' ठेवलं. आरोप खरा आहे. माझ्या पोटात बुडबुडे आहेत, आणि बुडबुडे काही पाऊल न वाजवता येत नाहीत. माणसं बुडबुड्याला फार हिणवतात. एखादी गोष्ट टिकणारी नसली की म्हणतात, 'पाण्यावरचा बुडबुडा आहे झालं.' म्हणोत बापडे! या बुडबुड्यांच्या जिवावर इथल्या चादरी धुतल्या जातात, स्वयंपाकघरातली मोठाली पातेली तापतात आणि ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक होतात. टिकणाऱ्या गोष्टींनी एवढं करून दाखवावं, मग मी त्यांच्यापुढे मान तुकवीन.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे कारागिरांनी जाड पत्रे वाकवले, नळ्या ओवल्या, सांधे जोडले. ठिणग्यांचा तो पाऊस मला अजून आठवतो. माझं पोट मात्र इतर बॉयलरांसारखं नव्हतं. तळाशी छिद्रांची लोखंडी ताटली, प्रत्येक छिद्रावर छोटी टोपी, आणि त्यावर ओतलेला वाळूचा जाड थर. वाळूतून आडव्या गेलेल्या नळ्या, नळ्यांत पाणी. बाकीचे कारागीर ते बघून हसले. एक जण म्हणाला, "यात जाळ करायचा का किल्ला बांधायचा?"

मी गप्प राहिलो. तेव्हा मला बोलता येत नव्हतं. मग कुणीतरी खालचा पंखा सुरू केला. ताटलीच्या छिद्रांतून हवा वर घुसली. वाळू आधी नुसती कुरकुरली, मग थोडी फुगली आणि मग तिला उकळी फुटली. होय, वाळूला! पाण्यात येतात तसे बुडबुडे वाळूच्या तळातून उठले, वर आले आणि फट्फट् फुटले. तो हसणारा कारागीर वाकून बघायला आला. त्याच्या खिशातला पाना सटकला आणि वाळूत डुबकन बुडाला. शेजारी पडलेला लाकडाचा ठोकळा मात्र त्याच वाळूवर होडीसारखा तरंगत होता. पंखा बंद केला तशी वाळू पुन्हा दगडासारखी घट्ट झाली आणि बिचाऱ्याला पाना खणून काढावा लागला. त्या दिवसापासून मला कुणी हसलं नाही.

माझं काम कसं चालतं ते नीट सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच झाली. वाळू लालभडक तापवायची आणि तिच्यात लाकडाचे बारीक तुकडे टाकायचे. हवेचे बुडबुडे वाळूला सतत घुसळतात. त्यामुळे तुकडे सगळीकडे सारखे जळतात, गरम कण नळ्यांना भिडतात, उष्णता देतात आणि पुन्हा तापायला परत जातात. नळीच्या आतही तोच संसार आहे. तिथे पाण्याचे बुडबुडे आतल्या भिंतीवर जन्मतात, वाढतात, सुटतात, आणि त्यांच्या जागी ताजं पाणी धावून येतं. बुडबुडा जाताना उष्णता घेऊन जातो, म्हणून नळी जळत नाही. म्हणजे बाहेर वाळूचे बुडबुडे आणि आत पाण्याचे. मध्ये मी.

तारुण्यात माझीही चूक झाली असं काही जण म्हणतील. मी म्हणतो, ती माझी नव्हे, हवा सोडणाऱ्याची. मी इथे आलो त्याच सुमारास बॉयलर चालवायला एक तरुण कामाला लागला. ताठ मान, कपाळावर घामाची पट्टी, खांद्यावर फडकं. आज सगळा दवाखाना त्याला मामा म्हणतो, मीही मामाच म्हणतो. मामाला वाटलं, थोड्या हवेनं एवढं काम होतं तर भरपूर हवेनं किती होईल! त्यानं हवेची झडप सताड उघडली. माझ्या पोटात भले थोरले बुडबुडे उठले. मोठ्या बुडबुड्याचं मोठ्या माणसासारखं असतं. तो आपल्याच तोऱ्यात मधूनच निघून जातो, आजूबाजूच्या वाळूला भेटतसुद्धा नाही. हवा फुकट गेली, नळ्या घासल्या गेल्या आणि वाळू उडून धुराड्यातून बाहेर पडली.

नेमक्या त्याच वेळी गच्चीवर चादरी वाळत होत्या. धुलाईघरातली काकू चादर घेऊन शेडच्या दारात आली आणि ती तिनं मामाच्या डोक्यावर झटकली.

"पेशंटला चादर घालायची का त्याला पुरायचं?" तिनं विचारलं.

अति तिथे माती म्हणतात, माझ्या बाबतीत अति तिथे वाळू झाली. मग कारखान्याची माणसं आली. त्यांनी माझ्या पोटात आडव्या सळ्या बसवल्या. त्यांच्यावर आपटून मोठा बुडबुडा फुटतो आणि त्याचे लहान लहान होतात. मामानंही झडप जिथं हवी तिथं ठेवायला शिकून घेतलं. लहान बुडबुडे आणि खूप बुडबुडे, हा माझा धर्म ठरला.

काकूशी माझं वैर मात्र एवढ्यावर मिटलं नाही. एकदा धुलाईघरातून परत येणाऱ्या पाण्यात तिच्या हातून साबण मिसळला. तो माझ्या पाण्यात आला आणि वाफ जमते त्या माझ्या वरच्या पिंपात फेसच फेस झाला. आता तुम्ही म्हणाल, फेस म्हणजे बुडबुडेच की, मग कुरकुर कशाला? नाही मित्रांनो. बुडबुडा काम करून निघून जातो. फेस नुसता घोळका करून बसतो, ना स्वतः जातो ना दुसऱ्याला जाऊ देतो. वाफेबरोबर पाणी चढलं, वाफेवर वाळवायला ठेवलेल्या चादरी आणखी भिजल्या आणि काकू डोक्याला हात लावून बसली. तो फेस औषध घालून मारला, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. दाबण्यासारखं असेल ते जरूर दाबा. फक्त काय दाबतो आहोत ते आधी ओळखा, एवढंच माझं म्हणणं आहे.

ती माझी मानाची वर्षं होती. मामा रोज माझे पितळी भाग पुसायचा, काटा लखलखीत ठेवायचा, माझ्यासमोर स्टुलावर बसून डबा खायचा आणि घरातलं सगळं मला सांगायचा. त्याला आईबाप लहानपणीच राहिले नव्हते. मोठ्या बहिणीनं, ताईनं, त्याला वाढवलं होतं. ताई हा शब्द उच्चारताना तो आवाज खाली आणायचा. माझ्यासमोर आवाज खाली आणून काय उपयोग, पण आणायचा. ताईची मुलगी शिकून इंजिनिअर झाली आणि याच दवाखान्याच्या यंत्रांवर देखरेख करायला आली, तेव्हा मामानं मला स्वतःच्या हातानं रंग दिला. जणू मीच मुलाकडचा पाहुणा होतो.

भाची हुशार होती आणि तिखटही. चार लोकांत ती मामाला 'तुम्ही' म्हणायची, कारण कामाची जागा. दोघंच असले की 'तू'.

"मामा, माझ्यापेक्षा याचेच लाड जास्त करतोस तू," ती एकदा म्हणाली.

"तो तुझ्यासारखा उलटून बोलत नाही."

"हा? हा तर दिवसभर बोलतो!"

"बोलतो, पण उलटून नाही," मामा म्हणाला, आणि माझा कान उपटावा तशी त्यानं एक चाकी घट्ट केली.

मग दिवस पालटले. माझे सुटे भाग मिळेनासे झाले. दवाखान्याचे मोठे साहेब कधीमधी दारातून डोकावायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि म्हणायचे, "हे धूड काढायला झालं आता." विजेवर चालणारं, मांजराच्या पावलानं काम करणारं यंत्र येणार अशी बोलवा होती. माझा पत्रा गंजला, धुराड्याला ठिगळ लागलं. कुणी रंग द्यायचं नाव काढीना. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण वाफ कमी केली का? नाही. उपेक्षा झाली म्हणून कामचुकारपणा करणं हे नळांचं लक्षण आहे, बॉयलरचं नाही.

आणि अशातच ताई दवाखान्यात दाखल झाली. तिच्या पोटात गाठ होती, ती काढायची होती. हे ऑपरेशन करणारे डॉक्टर दूरच्या शहरातून ठरलेल्या फेरीला यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा नंबर होता. ही फेरी चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं, आणि ताईला तेवढा वेळ आहे असं कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. तिची खाट वरच्या मजल्यावर होती. तिची खिडकी बरोबर माझ्या शेडच्या डोक्यावर उघडायची.

मामा सकाळपासून वर-खाली करत होता. दुपारी खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "बडबड्या, ताई डोळा मिटत नाही रे," तो मला म्हणाला. "छताकडे बघत पडलीय. म्हटली, भीती वाटते. मी म्हटलं, काही होत नाही, बोलू नकोस, दमशील, झोप. तरी जागीच." मग त्यानं वर खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात ते आलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

मामानं हवेची झडप ओढली. "जरा वेळ," तो म्हणाला. "घटकाभर गप्प बस, राजा. तिला झोप लागू दे."

या माणसानं आयुष्यभर मला जपलं होतं, म्हणून मला त्याचा राग येऊ नये असं तुम्हाला वाटेल. मला आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो ते मला त्या दुपारी कळलं. हवा कमी झाली तसे बुडबुडे लहान झाले, मग विरळ झाले, मग थांबले. आवाज पडला. अंगणात एकदम शांतता झाली. मामानं खूश होऊन खिडकीकडे पाहिलं. बाहेरून सगळं ठीक होतं. आत वाळू बसली होती.

बसलेली वाळू उष्णता फिरवत नाही. जिथे लाकडाचे तुकडे पडले तिथे ती पांढरीफटक तापली, जिथे पडले नाहीत तिथे काळवंडली. नळ्यांजवळचे कण तिथेच अडकून पडले आणि थंडावले. मग आतल्या पाण्यातही बुडबुडे येईनात. वाफेचा काटा खाली सरकला. मामानं तो पाहिला आणि त्याला वाटलं, जळण कमी पडलं. त्यानं आणखी तुकडे टाकले. मी थरथरलो, धुराड्यातून काळा धूर सोडला, माझ्या परीनं ओरडलो. पण माझा आवाज ज्यातून यायचा तेच त्यानं बंद केलं होतं. जास्त तापलेल्या जागी राख वितळली आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटू लागले. भट्टीत जास्त भाजून जोडल्या गेलेल्या विटांना खंगर म्हणतात. माझ्या पोटात खंगर धरू लागला.

काटा आणखी घसरला तेव्हा मामा झडपेकडे धावला. त्यानं झडप एकदम पूर्ण उघडली. पण चिकटलेली वाळू आता हवेला वाट देईना. हवेला एका कडेला एक भेग सापडली आणि ती सगळी त्याच भेगेतून शिट्टी मारत निघून गेली. बाकीची वाळू मेल्यासारखी पडून राहिली. वेळेवर दिली नाही ती हवा मागाहून कितीही दिली तरी अशीच जाते, मित्रांनो.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर धावत आल्या. ऑपरेशनची हत्यारं आणि कपडे वाफेत निर्जंतुक करायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यांचं यंत्र माझ्याच वाफेवर चालायचं.

"मामा, वाफ कुठंय?" त्यांनी विचारलं. "उद्याचं सगळं सामान आत तसंच पडलंय. आज झालं नाही तर सकाळी डॉक्टरांच्या हातात काय देऊ मी?"

मामानं ज्या हातानं ताईला झोपवायला पाहिलं होतं, त्याच हातानं तिचं ऑपरेशन अडवलं होतं. तो मटकन स्टुलावर बसला.

मागोमाग मोठे साहेबही आले, रुमालासकट. "मी सांगत नव्हतो?" ते म्हणाले. "बंद करा हे भंगार. पेशंटला पुढच्या फेरीला घेऊ."

भंगार! माझ्या पोटात दगड झाले होते, वाफ उतरत होती, तरी तो शब्द ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या कडेच्या भेगेजवळ थोडी वाळू अजून हलत होती. अगदी थोडी. तेवढ्या जागेत एक बुडबुडा उठला आणि फुटला. मी त्याला म्हटलं, तू थांबू नकोस. तू आहेस तोवर मी आहे.

भाची दारात उभी होती. तिनं तो एक आवाज ऐकला. ती साहेबांना म्हणाली, "सर, पूर्ण बसलेला नाही. दिवस मावळायच्या आत चालू करते. नाही झाला तर मग तुमचं ऐकते." साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

ते गेल्यावर तिनं झडपेकडे बघून विचारलं, "कुणी ओढली?"

"मी," मामा म्हणाला. "ताईला झोप लागावी म्हणून."

"आईनं सांगितलं होतं का, आवाजाचा त्रास होतो म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? दिसत होतं की."

भाचीचा आवाज चढला, आणि ती कामाची जागा विसरली. "हेच करतोस तू मामा! ती म्हणते भीती वाटते, की तू झाकण ठेवतोस. काही होत नाही, बोलू नकोस, झोप. तिचंही तेच आणि याचंही तेच. आतलं बाहेर येऊच द्यायचं नाही. मग आत त्याचा दगड होतो, बघ हा!"

तिनं माझं दार उघडून आतला खंगर दाखवला. मामानं वाकून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर माझी धग पडली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. धगीनं की कशानं, ते तुम्हीच ठरवा.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "आता काय करू ते सांग."

रडायला कुणालाच सवड नव्हती. भाचीनं आधी जळण थांबवलं, कारण न जळलेल्या तुकड्यांवर एकदम हवा सोडली असती तर भडका उडाला असता. ते जळून शमल्यावर तिनं पंखा बंद करवला. मग लांब लोखंडी आकडे घेऊन मामा आणि ती दाराशी उभी राहिली. खंगर अजून कोवळा होता, पुरता घट्ट झाला नव्हता. ते टोचत होते, फोडत होते, तळाच्या नळातून ढेकळं खाली ओढत होते. बाहेर पडलेलं प्रत्येक ढेकूळ विटेसारखं लाल असायचं आणि जमिनीवर पडून चरचरायचं. काकू धुलाईघरातून ओले पंचे घेऊन आली आणि दोघांच्या हातांना गुंडाळू लागली.

"माझ्या साबणाचं एवढं केलंत," ती मामाला म्हणाली, "हे तर तुम्ही स्वतःच्याच हातानं घरची मोरी तुंबवलीत." कुणाला हसू आलं नाही, पण मामानं मान हलवली आणि आकडा पुन्हा आत घातला.

मलाही दुखत होतं. लोखंडानं पोट ढवळून घेणं काही सुखाचं नाही. पण मी ठरवलं होतं, थंड व्हायचं नाही. माझ्या आतल्या अस्तराच्या विटांनी धरून ठेवली तेवढी ऊब मी सोडली नाही. शेवटचं मोठं ढेकूळ नळ्यांच्या मध्ये अडलं होतं. मामानं खांदा दाराच्या चौकटीला लावला आणि असा जोर केला, की आकडा वाकला आणि ढेकूळ फुटलं. मग ताजी वाळू ओतली. भाचीनं पंखा लावला आणि झडप हळूहळू उघडायला लावली.

"थांब. थोडी आणखी. आता थांब," ती म्हणत होती. मामा झडपेवर हात ठेवून पोरासारखा तिचं ऐकत होता.

वाळू कुरकुरली. फुगली. आणि मित्रांनो, मला पुन्हा उकळी फुटली! एका कडेला नाही, ताटलीभर. हजारो लहान बुडबुडे. जळण पडलं, वाळू लाल झाली, गरम कण नळ्यांना भिडले, आतल्या पाण्यात बुडबुड्यांच्या माळा सुटल्या. मी तोंड उघडलं आणि असा गर्जलो, की साहेबांच्या खोलीची तावदानं वाजली असतील. वाजायलाच हवी होती. ऊन अजून अंगणाच्या भिंतीवर होतं. काटा वर चढला तसा सिस्टरांच्या यंत्रात वाफ शिरली, आणि त्या दारातूनच म्हणाल्या, "पुरे मामा, पुरे. उद्याचं होतंय."

पुढचं मला मामानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो हात-तोंड धुऊन वर गेला तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. त्याला बघताच तिनं विचारलं, "मघाशी हा बंद का पडला होता रे?"

"तुला त्रास होत होता ना आवाजाचा."

"मला?" ताई म्हणाली. "अरे, सकाळपासून त्याच्याच आवाजावर तर मी पडले होते. म्हटलं, खाली कुणीतरी जागं आहे, माझा भाऊ आहे. तो थांबला तेव्हा माझा जीवच थांबल्यासारखा झाला. झोप येत नव्हती ती भीतीनं. तुला सांगत होते, तर तू ऐकायलाच तयार नाहीस."

मामा खाटेच्या कडेला बसला. "सांग आता," तो म्हणाला.

मग ताई बोलली. भूल दिल्यावर जाग आली नाही तर काय, पोरीचं पुढे कसं होईल, लहानपणी आई गेली तेव्हा तिला रडायला कसा वेळच मिळाला नाही, असं सगळं. मामानं एकदाही 'काही होत नाही' म्हटलं नाही. त्याला ते फार जड गेलं, असं तो मला म्हणाला. ती रडली, तोही रडला. बोलता बोलता तिचे डोळे मिटले. खिडकी उघडी होती आणि खाली मी पूर्ण जोरात चालू होतो.

सकाळी सिस्टरांची हत्यारं तयार होती. ऑपरेशन झालं. गाठ निघाली. ताई वाचली.

म्हणून मित्रांनो, माझी विनंती आहे, आणि ती मी हात जोडून नाही, ताठ उभा राहून करतो. जुन्या यंत्राला जपायचं म्हणजे त्याला निजवून ठेवायचं नसतं. त्याला वेळेवर हवा द्या, पाणी स्वच्छ द्या, पोटातली ढेकळं काढा, आणि मग त्याला बोलू द्या. माणसांचंही वेगळं नसावं, पण माणसांविषयी मी जास्त बोलत नाही, ती ऐकत नाहीत. विजेचं ते गुपचूप यंत्र एक दिवस येईलच. येऊ दे. मला भट्टीत वितळवा, माझे खिळे करा, बिजागऱ्या करा. मी बिजागरी झालो तरी कुरकुरणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

घरी जायच्या दिवशी ताई मला बघायला आली. एका हातानं लेकीचा खांदा धरला होता, दुसऱ्यानं पोट. शेडच्या दारात ती उभी राहिली आणि मामाला काहीतरी म्हणाली. माझ्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. सवयीनं त्याचा हात झडपेकडे गेला.

ताईनं तो मधेच धरला. मग तिनं श्वास भरून घेतला आणि जे म्हणायचं होतं ते ओरडून म्हणाली. मामानंही ओरडून उत्तर दिलं. कितीतरी वेळ ती दोघं भावंडं माझ्यासमोर उभी राहून ओरडत बोलत होती.

झडप जिथे होती तिथेच होती.